गिरणीनंतरची रात्र : बँड, डीजे आणि मँचेस्टरची हासिएंडा

इंडी आणि इलेक्ट्रो संगीताची क्लब-नाइट हा आधुनिक शहरी संगीतव्यवहाराचा एक स्वतंत्र प्रकार असून, त्यात प्रत्यक्ष वाजवणारे बँड आणि ध्वनिमुद्रिका निवडून त्या एकमेकींत गुंफत नेणारे डीजे एकाच रात्री, एकाच छताखाली आणि एकाच श्रोतृवर्गासमोर आपली कला मांडतात. मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या भांडवलावर आणि वितरणावर विसंबून न राहता, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील लहान लहान संस्थांनी जे संगीत स्वतःच्या हिमतीवर प्रसिद्ध केले, त्याला ‘इंडी’ हे नाव मिळाले. गिटार, बास आणि ड्रम ही त्याची मुख्य वाद्ये होत. ‘इलेक्ट्रो’ हा प्रवाह १९८०च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये आकाराला आला आणि त्याचा कणा ड्रम मशीन, म्हणजे आधी भरून ठेवलेला ठेका अचूक वाजवणारे यंत्र, हा होता. महाराष्ट्रात मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीलाच डीजे म्हणण्याची रीत पडली असली, तरी या लेखात तो शब्द मुद्रिका निवडणाऱ्या व्यक्तीसाठी योजला आहे.

या प्रकाराकडे केवळ तरुणांची चैन म्हणून पाहण्याची सवय मराठी सांस्कृतिक चर्चेत खोलवर रुजलेली आहे. नाटक, मैफल आणि तमाशा यांच्या प्रयोगस्थळांचा इतिहास आपण आस्थेने लिहितो. क्लबचा उल्लेख मात्र पोलिसी कारवाईच्या किंवा दुर्घटनेच्या बातमीतच बहुधा येतो. वस्तुतः गेल्या चार-पाच दशकांतील लोकप्रिय संगीताची घडण ज्या ठिकाणी बदलली, त्यांत अशा क्लबांचे स्थान मोठे आहे. मँचेस्टर शहरातील ‘हासिएंडा’ हा क्लब त्याचा सर्वांत बोलका दाखला होय. २१ मे १९८२ रोजी सुरू होऊन जून १९९७मध्ये बंद पडलेल्या या जागेने बँड आणि डीजे यांच्यातील भिंत पाडली, दोघांनाही एकमेकांकडून शिकायला लावले आणि त्याची जबर किंमतही मोजली. ही किंमत कोणी मोजली आणि फायदा कोणाच्या पदरात पडला, हा प्रश्न गिरण्या बंद पडलेल्या प्रत्येक शहराला, म्हणून मुंबईलाही, लागू आहे.

कापसाचे शहर आणि रिकाम्या इमारती

मँचेस्टर आणि मुंबई यांचे नाते कापसाचे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस लँकेशायरला पोहोचेनासा झाला, तेव्हा तिकडचे कामगार उपाशी राहिले आणि इकडे मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. कावसजी दावर यांनी १८५४मध्ये मुंबईतील पहिल्या सूतगिरणीची स्थापना केली आणि पुढे उभ्या राहिलेल्या गिरण्यांतील यंत्रे बव्हंशी लँकेशायरमधूनच आली. विसाव्या शतकात लँकेशायरचा हा उद्योग हळूहळू खचत गेला, आणि सत्तरच्या दशकात मँचेस्टरच्या मध्यभागी विटांच्या भल्यामोठ्या वखारी, ओस पडलेले कालवाकाठ आणि बेकार तरुण यांचीच गर्दी उरली.

या पडझडीने संगीताला एक गोष्ट अनायासे पुरवली, ती म्हणजे स्वस्त जागा. तालमीला लागणारी खोली, आवाजाची तक्रार करायला शेजारी नसलेला परिसर आणि फारसे भाडे न मागणारा मालक या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे बँड निपजतात, असा अनुभव अनेक शहरांचा आहे. ४ जून १९७६ रोजी लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये झाला. तो स्थानिक तरुण हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली यांनी आयोजित केला होता. श्रोते थोडेच होते, पण त्या कार्यक्रमातून प्रेरणा घेऊन बर्नार्ड समनर आणि पीटर हुक यांनी वाद्ये हाती घेतली. त्यांच्या प्रयत्नांतून पुढे ‘जॉय डिव्हिजन’ हा बँड उभा राहिला. दूरचित्रवाणीवरील निवेदक टोनी विल्सन आणि त्यांचे सहकारी ॲलन इरॅस्मस यांनी १९७८मध्ये ह्यूम भागातील रसेल क्लबात ‘फॅक्टरी’ नावाच्या संगीतरात्री सुरू केल्या आणि त्यांतूनच ‘फॅक्टरी रेकॉर्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका संस्था जन्मली. म्हणजे या संस्थेच्या मुळाशीच क्लब-नाइट होती; मुद्रिका नंतर आल्या.

फॅक्टरीचा व्यवहार रूढ धंद्याच्या चौकटीत बसणारा नव्हता. संगीताची मालकी संगीतकारांचीच राहील, हे तत्त्व तिने आरंभीच स्वीकारले आणि मुद्रिका असो, भित्तिपत्रक असो वा इमारत, प्रत्येक निर्मितीला एकाच मालिकेतला अनुक्रमांक दिला. १८ मे १९८० रोजी जॉय डिव्हिजनचे गायक इयन कर्टिस यांनी आत्महत्या केल्यानंतर उरलेल्या सदस्यांनी ‘न्यू ऑर्डर’ या नावाने काम सुरू ठेवले. ते न्यूयॉर्कला गेले असता तेथील क्लबांमध्ये त्यांनी आणि त्यांचे व्यवस्थापक रॉब ग्रेटन यांनी जे पाहिले, ते त्यांच्या शहरात नव्हते. कृष्णवर्णीय, लॅटिन आणि श्वेतवर्णीय तरुण तेथे एका फरशीवर नाचत होते, रात्रीचा काही भाग बँडचा आणि उरलेला डीजेचा होता, आणि दोहोंत उच्चनीच मानले जात नव्हते. अशी जागा मँचेस्टरला हवी, या इच्छेतून अनुक्रमांक ५१ची निर्मिती, म्हणजे हासिएंडा, साकारली.

जागेची रचना

व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवरील ही इमारत कालव्यालगत उभी होती आणि मूळची वखार असलेल्या या वास्तूत मधल्या काळात नौकाविक्रीचे दालन होते. क्लबचे नाव फ्रेंच विचारवंत इव्हान श्चेग्लॉव्ह यांनी १९५३मध्ये लिहिलेल्या नगररचनाविषयक जाहीरनाम्यातून उचललेले होते. शहर माणसाच्या इच्छांना आणि खेळकरपणाला वाव देणारे असावे, असा त्या लिखाणाचा आशय असल्यामुळे नावाची निवड हाच एक विचार होता. आतील रचना बेन केली यांनी केली. तोवरच्या नाइटक्लबांत मखमल, आरसे आणि मंद उजेड असे. केली यांनी मात्र पोलादी तुळया आणि विटा उघड्या ठेवल्या, खांबांवर कारखान्यात धोक्याची जागा दाखवण्यासाठी ओढतात तसे काळे-पिवळे तिरके पट्टे रंगवले आणि नाचाच्या फरशीची सीमा रस्त्यावरील खुंट व प्रकाश परावर्तित करणाऱ्या खुणा लावून आखली. नाचणाऱ्या कामगारवर्गीय मुलांना त्यांच्या आईवडिलांच्या कारखान्याची भाषा येथे नव्या अर्थाने भेटत होती.

या रचनेत दोष होते आणि ते लपवण्याचे कारण नाही. उंच छत, काच आणि सिमेंट यांमुळे आवाज घुमत असे, मंच एका बाजूला असल्याने बँडकडे सगळ्यांचे नीट लक्ष जात नसे आणि हिवाळ्यात अर्धवट भरलेल्या दालनात कडाक्याची थंडी पडे. डीजेची जागा आरंभी मंचाशेजारच्या खोलीत खाली होती, जेथून नाचणाऱ्यांचे चेहरेही धड दिसत नसत. पुढे ती वरच्या सज्जात नेण्यात आली, जेथून संपूर्ण फरशी नजरेच्या टप्प्यात येई. या स्थलांतराचा अर्थ मोठा आहे. दोन गाण्यांमधली पोकळी भरणारा मदतनीस, ही डीजेची भूमिका संपून सबंध रात्रीची लय ठरवणारा कलाकार म्हणून त्याला मिळालेली मान्यता इमारतीच्या नकाशातच उमटली.

पहिली चार-पाच वर्षे क्लब तोट्यातच चालला. उद्घाटनाच्या रात्री न्यूयॉर्कच्या ईएसजी या बँडने वादन केले, १९८३मध्ये द स्मिथ्स येथे वाजवून गेले आणि जानेवारी १९८४मध्ये तेव्हा फारशी परिचित नसलेली मॅडोना ‘द ट्यूब’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी याच जागेत गायली. पण बँड नसलेल्या रात्री दालन रिकामे पडे. तोटा भरून निघत होता तो न्यू ऑर्डरच्या मुद्रिकांच्या विक्रीतून. फॅक्टरीचे ध्वनिमुद्रण निर्माते मार्टिन हॅनेट यांनी हा पैसा क्लबऐवजी स्टुडिओच्या यंत्रसामग्रीत घालावा असा आग्रह धरला होता आणि तो न मानला गेल्याने ते संस्थेपासून दुरावले. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. परंतु क्लब नसता, तर त्या स्टुडिओत काय वाजवायचे हेच बदलले नसते.

यंत्राचा ठेका आणि माणसाचा हात

हासिएंडाचे पहिले निवासी डीजे ह्यूअन क्लार्क हे कृष्णवर्णीय होते आणि सोल व फंक या संगीतातले जाणकार होते. ऑगस्ट १९८३पासून शुक्रवारच्या रात्री ग्रेग विल्सन यांच्याकडे आल्या. विल्सन हे मँचेस्टरच्याच ‘लेजंड’ या क्लबात बुधवारी इलेक्ट्रो वाजवत आणि तेथील गर्दी मुख्यतः कृष्णवर्णीय तरुणांची असे. ही बाब ठळकपणे नोंदवायला हवी; कारण हासिएंडाची पुढची कीर्ती गिटारवाल्या श्वेतवर्णीय बँडच्या नावावर जमा झाली असली, तरी नाचाचे संगीत शहरात आणणारे, त्याच्या मुद्रिका अमेरिकेतून मागवणारे आणि त्यावर कसे नाचायचे हे दाखवणारे पहिले लोक हे कृष्णवर्णीय तरुण होते.

इलेक्ट्रोची जडणघडण समजण्यासाठी आफ्रिका बंबाटा यांची १९८२ची ‘प्लॅनेट रॉक’ ही मुद्रिका पाहावी. जर्मनीच्या क्राफ्टवर्क या यंत्रसंगीतकारांची धून आणि त्यांच्याच दुसऱ्या रचनेचा ठेका घेऊन निर्माते आर्थर बेकर यांनी तो रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवर नव्याने बांधला. या यंत्राचा खर्ज खऱ्या ढोलासारखा नव्हता; तो अधिक खोल आणि लांबत जाणारा होता, आणि त्यामुळेच मोठ्या ध्वनिवर्धकातून तो कानाआधी छातीला जाणवे. न्यू ऑर्डरने बेकर यांच्यासमवेत १९८३मध्ये ‘कन्फ्यूजन’ ही मुद्रिका केली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेली ‘ब्ल्यू मंडे’ ही तर या साऱ्या घुसळणीचे सार होय. साडेसात मिनिटांच्या जवळपास चालणाऱ्या या रचनेत ओबरहाइम कंपनीच्या ड्रम मशीनचा ठेका, समनर यांनी सुट्या भागांतून जोडलेल्या सीक्वेन्सरने, म्हणजे स्वरांची ओळ ठरावीक क्रमाने वाजवत राहणाऱ्या यंत्राने, चालवलेली खर्जाची साखळी आणि तिच्यावर पीटर हुक यांनी हाताने वाजवलेला बास एकत्र येतात. यंत्र चुकत नाही आणि हात किंचित पुढेमागे होतो. या दोहोंतील ताणातूनच तिचा परिणाम घडतो.

‘ब्ल्यू मंडे’ बारा इंची मुद्रिकेवर निघाली, यालाही कारण आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्याला न्यूयॉर्कमध्ये रूढ झालेल्या या आकारात एका बाजूला एकच गाणे असल्याने खाचा रुंद ठेवता येतात. त्यामुळे खर्ज दमदार उमटतो, आवाज मोठा निघतो आणि गाण्याच्या आरंभी व शेवटी केवळ ठेका चालणारे लांब तुकडे ठेवायला जागा मिळते. डीजेचे सगळे कसब या तुकड्यांवर उभे असते. त्याच्यासमोर दोन टर्नटेबल असतात आणि मध्ये दोन्हींचा आवाज कमी-जास्त करणारा मिक्सर असतो. एक मुद्रिका सभागृहात वाजत असताना तो दुसरी केवळ आपल्या हेडफोनमध्ये ऐकतो, तिची सम बोटांनी मागेपुढे सरकवून पकडतो आणि टर्नटेबलवरील सरकपट्टीने तिचा वेग जुळवतो. या कामासाठी जगभर मान्यता पावलेल्या टेक्निक्स एसएल-१२००च्या १९७९च्या आवृत्तीत वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त करता येतो. एका मुद्रिकेचा ठेका मिनिटाला ११८ आणि दुसरीचा १२२ ठोक्यांचा असेल, तर एवढी सवड पुरते. दोन्ही समा एकमेकींवर बसल्या, की तो दुसरीचा आवाज चढवत नेतो आणि नाचणाऱ्याचे पाऊल न अडखळता गाणे बदलते.

बँडच्या मुद्रिका यात घालणे अवघड असते, कारण माणसाने वाजवलेल्या ड्रमची लय कडव्यात किंचित सैलावते आणि ध्रुपदात चढते. जुळवलेली सम पाचदहा सेकंदांत सुटते. म्हणून इंडी आणि इलेक्ट्रो एकाच रात्री वाजवणाऱ्या डीजेला कोठे जुळवायचे आणि कोठे सरळ तोडून नवे गाणे सुरू करायचे, याचा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. प्रत्यक्ष बँड असेल, तर अडचण आणखी वाढते. ड्रमच्या प्रत्येक भागासमोर मायक्रोफोन लावणे, वादकांना स्वतःचा आवाज परत ऐकवणाऱ्या मॉनिटरची पातळी ठरवणे, दोन बँडच्या मध्ये तारा बदलणे या सगळ्याला बराच वेळ जातो आणि तेवढ्यात गर्दी पांगते. हा मधला वेळ डीजे सांभाळतो. बँड येण्यापूर्वी तो लय हळूहळू चढवत आणतो आणि बँड उतरताच तीच लय पुढे नेतो. विलंबितातून द्रुताकडे जाणाऱ्या मैफलीची बढत जशी एका गवयाच्या विचारातून होते, तशी या रात्रीची बढत डीजेच्या विचारातून होते.

एका फरशीवर दोन घराणी

१९८४पासून माइक पिकरिंग यांनी शुक्रवारी ‘न्यूड’ ही रात्र चालवली. नावात नग्नतेचा उल्लेख असला, तरी झगमगाट आणि निवेदकाची बडबड वगळून केवळ संगीत ठेवणे एवढाच त्याचा रोख होता. १९८६च्या सुमारास शिकागोहून ‘हाउस’ या नव्या संगीताच्या मुद्रिका येऊ लागल्या. चार मात्रांपैकी प्रत्येकीवर खर्जाचा सारखा ठोका आणि मिनिटाला साधारण १२० ठोक्यांची लय, ही हाउसची बांधणी. तिचा पाळणा शिकागोच्या कृष्णवर्णीय आणि समलिंगी समाजाच्या क्लबांत हलला होता. याच १९८६मध्ये डेव्ह हॅस्लम यांनी गुरुवारी ‘टेम्परन्स क्लब’ सुरू केला, ज्यात विद्यार्थ्यांच्या आवडीचे गिटार बँड, हिप-हॉप आणि नाचाचे संगीत एकत्र वाजे. शुक्रवारची गर्दी गुरुवारी आणि गुरुवारची शुक्रवारी येऊ लागली, आणि ज्यांनी एरवी एकमेकांचे संगीत ऐकले नसते, असे दोन वर्ग एका फरशीवर उभे राहिले.

याचे फळ दोन-तीन वर्षांत दिसले. फॅक्टरीचाच बँड असलेल्या हॅपी मंडेज यांच्या गाण्यांची पॉल ओकनफोल्ड आणि अँड्र्यू वेदरॉल या डीजेंनी १९८९मध्ये पुनर्रचना केली. मूळ गायन ठेवून खालचा ठेका नाचासाठी नव्याने बांधण्याच्या या क्रियेला ‘रिमिक्स’ म्हणतात. १९९०मध्ये ओकनफोल्ड यांनी स्टीव्ह ऑस्बर्न यांच्यासह याच बँडच्या अख्ख्या संग्रहाची निर्मिती केली, म्हणजे बँडचा आवाज ठरवण्याचे काम आता डीजेकडे आले. प्रायमल स्क्रीम या स्कॉटिश बँडचा १९९१चा ‘स्क्रीमाडेलिका’ हा संग्रह वेदरॉल यांच्या हातून असाच घडला. उलट दिशेनेही देवघेव झाली. १९८८मध्ये मँचेस्टरच्या ‘अ गाय कॉल्ड जेराल्ड’ यांची ‘वूडू रे’ आणि पुढच्या वर्षी ‘८०८ स्टेट’ यांची ‘पॅसिफिक स्टेट’ या रचना निघाल्या. ड्रम मशीनचा क्रमांकच नावात मिरवणारा हा गट यंत्रसंगीत करूनही बँडसारखा मंचावर वाजवत असे. पुढे ‘केमिकल ब्रदर्स’ म्हणून प्रसिद्धी पावलेले दोघे तरुण १९८९मध्ये मँचेस्टरच्या विद्यापीठात शिकायला आले, यामागे शहराच्या या संगीताचीही ओढ होती.

हिशेबाची बाजू

या वैभवाची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. १९८८नंतर एक्स्टसी या उत्तेजक गोळीचा क्लबमध्ये सर्रास वापर होऊ लागला. ती घेणारे मद्याऐवजी पाणी पीत, त्यामुळे दालन तुडुंब भरूनही गल्ल्यात पैसा पडेना आणि गोळीचा नफा गुन्हेगारी टोळ्यांकडे गेला. १९८९मध्ये क्लबात ही गोळी घेतलेल्या सोळा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. ब्रिटनमध्ये या गोळीमुळे झालेल्या सुरुवातीच्या मृत्यूंपैकी तो एक होता आणि संगीताच्या कोणत्याही गौरवगाथेत तो वगळता कामा नये. दारावर टोळ्यांची दहशत आणि शस्त्रे दिसू लागली तेव्हा व्यवस्थापनाने जानेवारी १९९१मध्ये क्लब स्वतःहून बंद केला आणि मे महिन्यात धातुशोधक यंत्रे बसवून पुन्हा उघडला. हिंसा तरीही थांबली नाही.

नोव्हेंबर १९९२मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्स दिवाळखोरीत निघाली. खर्चाची शिस्त नसणे, महागडी कार्यालयीन इमारत आणि दोन प्रमुख बँडच्या लांबलेल्या ध्वनिमुद्रणांचा भार ही त्याची कारणे होती; आणि संगीताची मालकी संगीतकारांकडेच ठेवण्याच्या तत्त्वामुळे संस्था विकत घेऊ पाहणाऱ्या मोठ्या कंपनीला विकायला तिच्याकडे फारसे काही नव्हते. हासिएंडा आणखी साडेचार वर्षे तगली आणि २८ जून १९९७च्या रात्रीनंतर कायमची बंद झाली. २००२मध्ये इमारत पाडण्यात आली आणि त्या जागी याच नावाचा निवासी सदनिकांचा प्रकल्प उभा राहिला.

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. तोटा न्यू ऑर्डरच्या सदस्यांनी सोसला, असे पीटर हुक यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडले आहे. कीर्ती शहराला मिळाली, आणि त्या कीर्तीमुळे वाढलेला जमिनीचा भाव बांधकाम व्यावसायिकांना मिळाला. मँचेस्टरने पुढे २०२३मध्ये वीस कोटी पौंडांहून अधिक खर्चून एक भव्य सार्वजनिक कलासंकुल उघडले आणि ते चालवणाऱ्या संस्थेच्या नावात ‘फॅक्टरी’ हा शब्द सन्मानाने घेतला. हा सन्मान उचितच आहे. तथापि पडक्या वखारीत थोडक्या भाड्यात जे उगवले, ते भव्य संकुलात आपोआप उगवेल असे मानता येत नाही.

गिरणगावाचा धडा

१९८२ हे वर्ष मुंबईच्या इतिहासात वेगळ्या कारणाने कोरले गेले आहे. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्या संपातून मुंबईचा कापडउद्योग पुन्हा सावरला नाही. त्याच वर्षी मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा संग्रह ध्वनिमुद्रित केला. रोलँडच्या टीआर-८०८ ड्रम मशीनवर ठेका धरून, त्याच कंपनीच्या टीबी-३०३ या खर्जयंत्रावर आणि ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर त्यांनी भूपाळी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. टीबी-३०३च्या कुरकुरत्या, घसरत्या स्वरावर उभे राहिलेले ‘ॲसिड हाउस’ शिकागोत १९८७मध्ये मुद्रिकेवर आले आणि हासिएंडाने ते डोक्यावर घेतले. त्याच यंत्राचा तसाच नाद मुंबईत पाच वर्षे आधी उमटला होता. संग्रह खपला नाही आणि विस्मरणात गेला. २०१०मध्ये तो युरोपात पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हा जगाने त्याची दखल घेतली आणि २०१५मध्ये निधन होण्यापूर्वी सिंग यांना परदेशांतील मंचांवर तो वाजवता आला. मुंबईत यंत्र होते, कलाकार होता आणि रागविद्याही होती. त्या संगीतावर नाचणारी फरशी आणि ते आठवड्यामागून आठवडा वाजवणारा डीजे तेवढा नव्हता.

मुंबईतील इंडी बँडना जागेची चणचण कायम भासली. धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे कार्यक्रम होत; पुढे शेजारी रुग्णालये असल्याने शांतता क्षेत्राचा नियम लागू होऊन तेथील कार्यक्रम थांबले. नियम योग्य होता, पण पर्यायी जागा कोणी दिली नाही. डिसेंबर २००७मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल आवारातील एका वखारीत ‘ब्ल्यू फ्रॉग’ सुरू झाला. संगीतकार आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर हे त्याच्या संस्थापकांत होते. म्हणजे फॅक्टरीप्रमाणे येथेही संगीत करणाऱ्यांनीच जागा उभारली. ध्वनिशास्त्राचा विचार करून बांधलेल्या या दालनात बँड आणि डीजे एकाच मंचावर येऊ लागले. पेंटाग्रॅम या बँडचे गिटारवादक रँडॉल्फ कोरिया हेच मोनिका डोग्रा यांच्यासह ‘शायर अँड फंक’ ही इलेक्ट्रॉनिक जोडी चालवत, ही गोष्ट येथील देवघेव दाखवायला पुरेशी आहे. परळची ही जागा २०१६मध्ये बंद झाली.

गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी, सार्वजनिक घरांसाठी आणि मालकांसाठी ठेवण्याची तरतूद होती. २००१च्या दुरुस्तीने ती केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. ज्या गिरणगावात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचा आवाज घुमला, त्याच गिरणगावात टोलेजंग इमारती आणि महागडी मद्यालये आली. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा जीव गेला आणि रात्रीच्या मनोरंजनात सुरक्षिततेची किती हेळसांड चालते, हे उघड झाले. परिणामी, रात्रीचे संगीत म्हणजे धोका आणि गोंगाट, ही समजूत आणखी पक्की झाली. परंतु आग लागते ती नियम मोडल्याने आणि तपासणी न झाल्याने. गिटारने किंवा टर्नटेबलने नव्हे.

इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणाने २०१८मध्ये स्वीकारलेले एक तत्त्व येथे अनुकरणीय आहे. आधीपासून चालू असलेल्या संगीतस्थळाशेजारी कोणी नवी वसाहत बांधली, तर आवाज रोखण्याच्या उपायांची जबाबदारी नव्याने येणाऱ्यावर राहते; जुन्या संगीतस्थळावर त्यापायी अवाजवी निर्बंध येऊ नयेत, असा त्याचा रोख आहे. मुंबई आणि पुणे महापालिकांनी हे तत्त्व आपल्या विकास नियमांत आणावे. त्याच्या जोडीला, सार्वजनिक मालकीच्या एखाद्या जुन्या औद्योगिक इमारतीत चारपाचशे श्रोत्यांचे, आवाज बाहेर न जाऊ देणारे आणि अग्निसुरक्षेचे नियम काटेकोर पाळणारे एक संगीतगृह उभारावे. त्याचे भाडे मद्यविक्रीवर अवलंबून नसावे, त्याचे दार लोकल गाडीने येणाऱ्या विद्यार्थ्याला परवडणारे असावे, आणि त्याच्या मंचावर इंग्रजी-हिंदी बँडइतकाच मराठी बँडला, बेंजो पार्टीला आणि घरच्या संगणकावर ठेके बांधणाऱ्या मुलामुलींना अधिकार असावा. महाराष्ट्रातील महापालिका नाट्यगृहे बांधतात आणि चालवतात, हे त्यांचे भूषणच आहे. बँड आणि डीजे यांचे संगीतही याच शहरांच्या तरुणांचे आहे. तेव्हा त्या भूषणात या संगीताचा वाटा मागण्याची वेळ आली आहे, आणि ही मागणी आपापल्या नगरसेवकापर्यंत पोहोचवण्याचे काम वाचकांनी करावे.